जमिनीवरून बेंचवर : मूल तालुक्यातल्या एका सुताराच्या बेंचचं माप आणि माथा

गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातलं. धानाचा पट्टा, जंगल जवळ, उन्हाळ्यात पारा ४५–४६ अंशांवर आणि पावसाळ्यात भिंतींनाही ओल. काकाजींचं वय साठीच्या पुढे, उंची ५ फूट ३ इंच. वखर, नांगर, बंडीचं जू, दाराच्या चौकटी, देव्हारे, दिवाण असं सगळं काम त्यांनी आयुष्यभर जमिनीवर बसून केलं. आता गुडघे साथ देईनात. डॉक्टरांनी मांडी घालून बसायलाच मनाई केली. मुलगा आयटीआयमधून सुतारकाम शिकलेला, उंची ५ फूट ८ इंच. तो प्लाय आणि सनमायकाची कामं घेतो, राउटर (लाकडात खाचा आणि कडा कोरणारं मशीन) आणि कटर चालवतो. दोघांची कामाची जागा एकच, घरापुढची कवेलूची, म्हणजे कौलांची छपरी. मी सुतारकाम शिकवतो आणि हा मुलगा माझ्याकडे शिकून गेलेला, म्हणून बेंचचं माप विचारायला तो माझ्याकडे आला.

त्याच्या डोक्यात ८ फूट बाय ४ फुटांचा बेंच होता. प्लायचा अख्खा ताव वर बसला पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशोब. काकाजींना मात्र बेंचच नको होता. ते म्हणाले, “मले खुर्ची द्या, ठोकळा थोडा उंच करा, बस झालं जी. एवढ्या मोठ्या टेबलाचं मी कायले करू?”

मला वाटतं, त्या दिवशी दोघांच्याही बोलण्यात एक प्रश्न राहून जात होता. बेंच हा काम ठेवायचा टेबल नव्हे. काम पकडून ठेवणारं ते साधन आहे. तेव्हा माप ठरवायच्या आधी आजवर हे काम कोण पकडत होतं, ते पाहायला हवं होतं.

काम कोण पकडत होतं

काकाजींच्या बाबतीत ते काम त्यांचं शरीर करत होतं. फळीची कड रंधायची तर फळी भिंतीला टेकवायची आणि तिच्यावर पाय ठेवायचा. साल, म्हणजे जोडाची खाच पाडायची तर चौकटीच्या उभ्या लाकडावरच बसायचं, म्हणजे अंगाचं सगळं वजन लाकडावर. लहान तुकडा असेल तर दोन्ही तळपायांत धरायचा आणि पायाच्या अंगठ्याने तो हवा तसा फिरवायचा. ही पकड इतकी चपळ असते की वाइस (बेंचला बसवलेला शिकंजा) उघडून बंद करायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात जमिनीवर बसलेला सुतार तुकडा उलटा करून पुन्हा कामाला लागलेला असतो. उभं राहून काम करायला लागल्यावर हे पाय कामातून जातात. जमिनीवरचे सुतार बेंचवर येऊन चिडतात आणि पुन्हा खाली बसतात, ते यामुळेच. टेबल मिळतो, पण पकड हरवते.

म्हणून आम्ही आधी मापांची यादी केलीच नाही. वर्षभरात हातून जाणारी कामं आठवत गेलो आणि प्रत्येक काम कसं धरायचं ते ठरवत गेलो. फळीचं तोंड, म्हणजे रुंद बाजू रंधताना तिला फक्त पुढून अडवलं की पुरतं, रंध्याचा जोर तिला अडणीवर दाबून ठेवतो. कड रंधताना फळी उभी धरावी लागते, एका टोकाला वाइसमध्ये आणि दुसऱ्या टोकाला खालून आधार देऊन. साल पाडताना लाकूड वरून दाबून धरायला हवं आणि त्याच्या बरोबर खाली भक्कम आधार हवा. कूस, म्हणजे सालीत बसणारं जोडाचं टोक कापताना तुकडा हलता कामा नये, आणि डोळा रेघेच्या जवळ हवा. मुलाच्या कामात राउटर चालवताना ताव घसरू नये आणि क्लॅम्पने आवळायला कडेला मोकळी जागा असावी.

ही यादी समोर आल्यावर आठ बाय चारचा विषय आपोआप मागे पडला.

लांबी आणि रुंदी

सगळ्यात लांब नेहमीचं काम म्हणजे दाराच्या चौकटीची बाजू, कान, म्हणजे बाहेर सोडलेली टोकं धरून ७ फुटांच्या आसपास. दाराची उभी पट्टी त्याहून थोडी आखूड. बेंच ७ फुटांचा असला की हे सगळं त्यावर पूर्ण टेकतं. ८ फूट केला असता तर चालला असता, पण छपरी १२ फूट लांब. लांब फळी रंधणारा माणूस एका जागी उभा राहत नाही, रंध्याबरोबर चालत जातो, आणि दोन्ही टोकांना पाऊल टाकायला जागा हवीच.

रुंदी २२ इंच ठरली. मुलाला ती फारच कमी वाटली. पण दार असो की दिवाणाची बाजू, रंधा एका वेळी अडीच-तीन इंचांवरच चालतो, आणि पलीकडच्या कडेपर्यंत हात न ताणता पोचला पाहिजे. रुंद बेंचचा मागचा भाग काही दिवसांतच खिळ्यांचे डबे, सनमायकाचे तुकडे आणि चहाचे कप यांचा होतो. अरुंद बेंचचा मोठा फायदा चौकट जोडताना कळतो. ती बेंचवर आडवी टाकली की दोन्ही बाजू कडांबाहेर येतात आणि क्लॅम्प वरून-खालून सरळ बसतो.

मग प्लायचा ताव कुठे कापायचा? त्यासाठी दोन घोड्या (आधाराचे लाकडी स्टँड) आणि त्यांवर चार आडव्या पट्ट्या, गुडघ्याच्या थोड्या वर. कटर चालवताना वजनदार ताव उचलून ३१ इंचांवर ठेवायची काहीच गरज नसते, आणि काम झालं की घोड्या भिंतीला टेकवता येतात. मुलाने हे एकदा करून पाहिलं आणि पुन्हा ८ बाय ४ चं नाव काढलं नाही.

उंची

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. उभं राहून हात सैल सोडला की मनगटाची घडी जमिनीपासून जेवढी वर येते, तेवढी हाताने रंधणाऱ्याच्या बेंचची उंची, हा नेहमीचा ठोकताळा. काकाजींचं हे माप साडेतीस इंचांच्या जवळ आलं, मुलाचं तेहतीस.

ठोकताळ्यावर विसंबून पाय कापण्याआधी एक जुनं दार विटांच्या दोन ठिय्यांवर टाकलं आणि विटा कमी-जास्त करून २९, ३१ आणि ३३ इंचांवर सागाच्या फळ्या रंधून पाहिल्या. काकाजींना सुरुवातीला ३३ आवडलं, कारण वाकावं लागत नव्हतं. पण थोड्याच वेळात खांदे भरून आले. उंच बेंचवर रंधा नुसत्या हातांनी ढकलावा लागतो. खाली असला की कंबर आणि पाय जोर लावतात, अंगाचं वजन रंध्यावर पडतं. २९ वर जोर उत्तम लागत होता, पण कंबर दुखायला लागली. त्यात त्यांचा रंधा लाकडी, उंच अंगाचा. लोखंडी रंध्यापेक्षा तो हात दीड-दोन इंच वर उचलतो, म्हणून लाकडी रंधा वापरणाऱ्याने बेंच थोडा खालीच ठेवावा. ३१ इंचांवर दोघांचंही जमलं.

कूस कापणं, बारीक जोड बसवणं आणि राउटर, या कामांना मात्र ३१ इंच कमी पडतात. या कामांत जोर कमी आणि नजर जास्त लागते. त्यासाठी बेंचवर ठेवायचा ६ इंच उंचीचा जाड चौरंग केला, तो आकड्यांनी, म्हणजे बेंचच्या भोकांत ठोकायच्या वाकड्या सळ्यांनी बेंचला आवळता येतो. मुलाचं निम्मं काम आता त्या चौरंगावर चालतं.

साल पाडण्याच्या कामासाठी आम्ही उलट्या दिशेने गेलो. १८ इंच उंच, चार फूट लांब, बाभळीची एक बसकी घोडी केली. चौकटीचं लाकूड तिच्यावर ठेवायचं, आकड्याने दाबायचं आणि बाजूने त्याच लाकडावर बसायचं, पाय खाली सोडून. गुडघे दुमडत नाहीत, आणि काकाजींच्या अंगात मुरलेली पकड वाया जात नाही. एवढ्या सगळ्या मापांत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे १८ इंच.

माथ्याचं लाकूड

बेंचची वरची फळी, म्हणजे माथा, जाड का हवा याची कारणं तीन. ठोका मारला की बेंच नाचू नये म्हणून वजन हवं. मधोमध साल पाडताना माथा लवू नये. आणि आकडा धरायला जाडी लागते. लोहाराने गुळगुळीत १८ मिलिमीटरच्या गोल सळीचा वाकवून दिलेला आकडा १९ मिलिमीटरच्या भोकात तिरका अडकून बसतो आणि वरून एक ठोका मारला की काम घट्ट दाबतो. माथा दोन इंचांहून पातळ असेल तर ही पकड कच्ची राहते, आणि फार जाड असला तर आकडा अडकत नाही. तीन इंच हे माप सगळ्याच बाजूंनी बसतं. आकड्यासाठी सळईच्या दुकानातली बांधकामाची गज मात्र घेऊ नये. तिच्यावरच्या वळ्या भोक खातात.

लाकडाचे चार पर्याय समोर होते.

आरागिरणीवर ऐन झाडाची २० इंच रुंद, तीन इंच जाड अशी एकसंध फळी मिळत होती. दिसायला देखणी, पण ओली. जाड लाकूड वाळायला इंचाला साधारण एक वर्ष धरतात. म्हणजे तीन वर्षं थांबा, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तिची टोकं फाटणार नाहीत याची खात्री नाही. मी तिला सरळ नकार दिला.

आंबा स्वस्त, पण मऊ, आणि त्याला भुंगा फार लवकर लागतो.

प्लाय हा मुलाचा पर्याय, आणि तो विचार करण्यासारखा होता. १९ मिलिमीटरचे चार थर चिकटवले की तीन इंच होतात. ८ बाय ४ च्या एका तावातून ७ फूट बाय २२ इंचांचे दोन थर निघतात, म्हणजे दोन ताव पुरतात. प्लाय ऋतूप्रमाणे फारसा फुगत-आकसत नाही. ज्याचं सगळं काम प्लाय आणि मशीनचं आहे, त्याला मी हाच माथा करायला सांगेन, वर एक हार्डबोर्ड टाकून. पण काकाजींचा बेंच वाकस (तासायचं हत्यार), पटाशी आणि मोगरी (लाकडी हातोडा) झेलणार होता. घाव पडलेला प्लाय पुन्हा रंधून सपाट करता येत नाही. वरचा पातळ थर गेला की खाली आडवा रेषा लागतो. भोकांच्या कडाही झिजून ढिल्या होतात.

चौथा पर्याय घराच्या मागच्या वाडीत पडून होता. जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा निघालेले सागवानी फाटे, म्हणजे छताचे वासे, पिढ्यान्पिढ्या छताखाली वाळलेले. नवं सागवान लाकडाच्या डेपोतल्या लिलावातलं किंवा आरागिरणीतलं, पावती आणि वाहतूक परवान्यासह घ्यायचं म्हटलं तर त्या भावात बेंच करणं या घराला झेपणारं नव्हतं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ज्या बल्लारपूरच्या डेपोतून सागवान गेलं, तो इथून फार लांब नाही. तरीही त्या लाकडात हात घालणाऱ्या सुताराच्या घरी ते विकत घ्यायची ऐपत क्वचितच असते.

वाडीतल्या लाकडावर काकूंचा हक्क होता. त्यांनी ते मुलीच्या लग्नातल्या दिवाणासाठी राखलं होतं, आणि त्यांचं म्हणणं योग्यच होतं. “चांगलं सागवान हातोडी मारून घ्यायले वापरता का?” असं त्यांनी स्पष्ट विचारलं. मग सगळे फाटे अंगणात काढले. लांब, सरळ आणि बिनगाठीचे दिवाणासाठी बाजूला ठेवले. उरले ते खिळ्यांनी छेदलेले, टोकं कुजलेले, आखूड. बेंचला तेच पुरले, कारण पट्ट्यांच्या माथ्यात प्रत्येक पट्टी पूर्ण लांबीची असावी लागत नाही. पुढच्या तीन आणि मागच्या दोन पट्ट्या अखंड ७ फुटांच्या घेतल्या, कारण वाइस, आकडे आणि क्लॅम्प यांचा सगळा ताण तिथे येतो. मधल्या सहा पट्ट्या आखूड तुकड्यांच्या. फक्त शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रेषेत येऊ दिले नाहीत, दोन सांध्यांत किमान फूटभर अंतर ठेवलं.

तीन इंच उंच आणि दोन इंच रुंद अशा ११ पट्ट्या, मिळून २२ इंच. यात लाकडाच्या वलयांकडे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत सागवान वलयांच्या कडेने साधारण ५.८ टक्के आकसतं, आणि गाभ्याकडून झाडाच्या सालीच्या दिशेने फक्त २.५ टक्के. मे आणि ऑगस्ट यांच्यात लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी बदलला असं धरलं, तर सपाट चिरलेली २२ इंचांची फळी पाव इंच, म्हणजे दोन सूत हलते आणि वाकतेही. तीच पट्ट्यांची, वलयं उभी ठेवून केली तर एका सुताच्या आसपास. म्हणून प्रत्येक पट्टीचं टोक रंधून, वलयं पाहून ती आडवी की उभी लावायची ते ठरवलं. मधोमध गाभा असलेले तुकडे वगळले, ते फुटतातच.

खिळे शोधायला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक प्रत्येक फाट्यावर फिरवला. एक विसरलेला खिळा रंध्याचं पातं खातो आणि मशीनवर तर जिवावर बेतू शकतं.

चिकटवणं आणि बसवणं

काम डिसेंबरात काढलं. धानाची मळणी संपलेली, हवा ना फार कोरडी ना दमट. मे महिन्यात चिकटवलं असतं तर फेव्हिकॉल पसरेपर्यंत सुकायला लागला असता. सागवान तेलकट लाकूड आहे आणि जुन्या पृष्ठभागावर गोंद धरत नाही, त्यामुळे रंधलं की त्याच दिवशी चिकटवलं. अकरा पट्ट्या एकदम चिकटवायच्या भानगडीत पडलो नाही. आधी चार, चार आणि तीन, मग ते तीन गठ्ठे एकत्र. क्लॅम्प थोडेच होते. बाकीचे घरीच केले. जाड दांड्याच्या दोन्ही टोकांना ठोकळे बसवायचे, मध्ये लाकूड ठेवायचं आणि पाचर ठोकून आवळायचं.

खालचा सांगाडा बाभळीचा. बाभूळ जड, चिवट, आणि काकाजींनी ती बंडीसाठी बरीच आधी पाण्यात मुरवून, वाळवून ठेवलेली होती. पाय चार बाय चार इंचांचे, त्यांचा पुढचा चेहरा माथ्याच्या कडेशी बरोबर सपाटीत. टेबलासारखे आत घेतलेले पाय बेंचला चालत नाहीत. लांब फळी उभी धरली की तिला मागून टेकायला पायाचा आणि माथ्याचा चेहरा एकाच पातळीत हवा. उजव्या पायाला खुंटीची भोकं पाडली, त्यामुळे डावीकडे वाइसमध्ये धरलेल्या चौकटीचं दुसरं टोक खुंटीवर विसावतं.

पायांना जोडणाऱ्या लांब पट्ट्यांची कूस आरपार काढून तिला बाहेरून पाचर मारली, गोंद नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधा ढिला झाला की मोगरीचा एक ठोका पुरतो. माथाही पायांना चिकटवलेला नाही. पुढच्या बाजूला तो खुंट्यांनी पक्का आहे आणि मागे लांबट भोकात बसवलाय, म्हणजे हलायचं ते मागच्या मागे हलेल आणि वाइसजवळची पुढची कड जागची सरणार नाही. छपरीची जमीन सारवलेली, उंचसखल, म्हणून प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा बसवला. त्याने डुगडुग गेली आणि उदईलाही (वाळवीलाही) थेट मातीतून वाट राहिली नाही. माथा ५९–६० किलो आणि सांगाडा ४८ च्या आसपास, असे मिळून शंभर किलोंच्या वर वजन गेलं.

माथ्याला वॉर्निश नाही. गुळगुळीत माथ्यावर काम घसरतं. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात, फडक्याने पुसून. ते तेलाचं फडकं गोळा करून भुश्यात टाकू नये. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि बंद गोळ्यात ती उष्णता साचून फडकं आपोआप पेटू शकतं. आपल्याकडच्या उन्हात आणि रंध्याच्या सालपटांच्या ढिगात हा धोका आणखी वाढतो. फडकं बाहेर पसरून वाळवावं, नाहीतर पाण्यात बुडवावं.

एक वर्ष झाल्यावर

पावसाळ्यात रुंदी मोजली तेव्हा ती मेमधल्या मापापेक्षा सव्वा सूत जास्त भरली, म्हणजे हिशोबाच्या जवळच. माथा मधून किंचित फुगला होता. दोन सरळ पट्ट्या दोन्ही टोकांना ठेवून, एकीवरून दुसरीकडे बघत उंचवटे शोधले आणि रंधा तिरका चालवून ते काढले.

एक सांधा मात्र उघडला, दाराकडच्या टोकाला, वीतभर. मे-जूनमध्ये तिथे दुपारच्या झळा थेट लागतात आणि टोकाकडून लाकूड बाकीच्या अंगापेक्षा खूप लवकर वाळतं. ती फट भरायची घाई आम्ही केली नाही. पावसाळ्यात ती जवळजवळ मिटली. टोकांना तेलाचे जास्तीचे हात आणि वर मेण दिलं, आणि त्या बाजूला बांबूची ताटी लावली. हीच फट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेवढी उघडली, तर तेवढ्या लांबीत करवत घालून सागाची पातळ चीप चिकटवायची.

आकड्यांची भोकं सुरुवातीला सहाच पाडली होती. काकाजींनी मग बसल्या कामांच्या सवयीने आणखी दोन मागून घेतली, वाइसच्या मागे, जिथे मी कधीच पाडली नसती. लहान तुकडा वाकसाने तासताना ते आकड्याने तिथे दाबतात आणि डाव्या हाताचा कोपर माथ्यावर टेकवतात. मुलाने आता ८ इंच जास्त लांबीची मागणी काढली आहे, स्वयंपाकघराच्या उभ्या कपाटांसाठी. त्याला मी सध्या एवढंच सांगितलंय की बेंच वाढवू नको, उजव्या टोकाला त्याच उंचीची एक सुटी घोडी लाव. या दिवाळीनंतर माथा दुसऱ्यांदा सपाट करायचा आहे, आणि त्या वेळी ती घोडी बेंचबरोबर एका पातळीत रंधून घ्यायची.